गरुडाच्या शेपटाखाली

माणसाला एखादा छंद असावा असं जे सांगतात, त्यांच्या घरात बहुधा देव्हारा नसतो. माझ्या घरात छंदही होता आणि देव्हाराही होता, आणि दोहोंत अंतर जेमतेम हातभर होतं. या सगळ्या प्रकरणाची मूळ अडचण एवढीच.

ज्या वर्षी नवे पैसे आले त्या वर्षीची ही हकीकत. मी पिंपरीच्या एका कारखान्यात भांडाराचा कारकून होतो आणि चिंचवड गावठाणात भागूबाईंच्या घरात दोन खोल्या घेऊन राहत होतो. आण्यांचे पैसे करता करता पिंपरीपासून चाकणपर्यंत सगळे घाईला आले होते. चार आण्यांचे पंचवीस पैसे भाजीवालीला मान्य होते, पण एका आण्याचे सहाच म्हटलं की वरचा पाव पैसा कुणी खाल्ला म्हणून ती गिऱ्हाइकाची गचांडी धरायची. तिचा हिशोब बरोबर होता, हीच पंचाईत होती. अशा दिवसांत माणूस नाण्याकडे जरा निरखून बघायला लागतो. मी जरा जास्तच निरखून बघायला लागलो.

पुण्यात एक नाणेसंग्राहक मंडळ होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आगगाडीने तिकडे जायचो. सभासद पुढे खुर्च्यांवर बसत आणि पाहुणे मागे सतरंजीवर. सभासद नाणं हातात घेऊन बघत, पाहुण्यांनी लांबून बघावं अशी प्रथा होती. मंडळाचे अध्यक्ष मारुतराव हे निवृत्त शाळा-तपासनीस होते आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नसावं. त्यांच्या कोटाच्या खिशात एक भिंग असे. पाहुण्याने आणलेल्या नाण्यासाठी मारुतरावांनी ते बाहेर काढलं, तर त्या पाहुण्याचं नशीब उघडलं असं समजत.

पाहुण्याचा सभासद होण्याचा नियम सोपा होता. त्याने एक नाणं मंडळापुढे ठेवायचं, ते किती दुर्मिळ आहे याचा निवाडा द्यायचा आणि तो निवाडा टिकला पाहिजे. मी एकदा एक शिवराई नेली आणि ती अत्यंत दुर्मिळ आहे असं उभं राहून सांगितलं. मारुतरावांचा हात खिशाकडे गेलासुद्धा नाही. ते म्हणाले, "आमच्या मोलकरणीकडे असल्या वाटीभर आहेत. तिलाही सभासद करायचं का?" खुर्च्या हसल्या. सतरंजीही हसली, याचं मला अधिक वाईट वाटलं.

त्यानंतरच्या एका रविवारी सतरंजीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक फिरत फिरत माझ्या मांडीवर आलं. त्यात अमेरिकेतल्या चांदीच्या डॉलरची चित्रं होती. एक पान उलटलं आणि मी चमकलो. चित्रातली बाई माझ्या ओळखीची होती. ओळखीची कसली, ती माझ्याच घरात राहत होती.

आमच्या हिचे आजोबा कोकणातले, बोटीवर खलाशी. त्यांनी कुठल्याशा बंदरातून एक चांदीचं नाणं आणलं. नाण्यावर भरल्या चेहऱ्याची एक बाई, तिच्या केसांत गव्हाच्या लोंब्या आणि कापसाची बोंडं. पाठीमागे पंख पसरलेला गरुड. धान्य माळलेली बाई आणि तिच्यामागे गरुड, म्हटल्यावर ती कोण हे कोकणात कुणाला विचारावं लागलं नाही. आजोबांनी तिला देव्हाऱ्यात बसवली, पुढे सासूबाईंनी तिची पूजा केली आणि लग्नात त्यांनी ती सुमनला, म्हणजे आमच्या हिला, दिली. गरुडाच्या डोक्यावर इंग्रजीत देवाचं नावही कोरलेलं आहे, हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला आजोबांच्या पारखीचं कौतुकच वाटलं.

पण पुस्तकाला भक्तीशी कर्तव्य नव्हतं. पुस्तकाचं म्हणणं असं, की अठराशे एकोणनव्वद सालच्या डॉलरवर गरुडाच्या शेपटाखाली टांकसाळीच्या खुणेचे दोन बारीक इंग्रजी सी असले तर तो फार दुर्मिळ. तिथे काही नसलं तर तो दोन कोटींच्या वर पाडलेला, कुत्रं विचारणार नाही असा. साल मला पाठ होतं, बाईच्या गळ्याखाली रोज सकाळी दिसायचं. तेव्हा माझं सभासदत्व, माझी खुर्ची आणि मारुतरावांचं भिंग हे सगळं गरुडाच्या शेपटाखाली अडकलेलं होतं. गरुड लक्ष्मीच्या खाली होता आणि लक्ष्मी ताम्हनात उताणी निजून दोन पिढ्यांची हळद अंगाखाली घेऊन बसलेली होती.

घरी येऊन मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अगं, ती लक्ष्मी जरा उलटी करून बघतो."

"का?"

"मागे गरुडाच्या शेपटाखाली काही अक्षरं आहेत का ते बघायचंय."

हिने हातातली वात खाली ठेवली. "इतकी वर्षं पूजा करून तुम्हाला तिचं एवढंच बघावंसं वाटलं का?"

मग मी सगळं समजावून सांगितलं. हिने नीट ऐकून घेतलं. ही नीट ऐकून घेते तेव्हा मला धास्ती वाटते.

"अक्षरं निघाली तर काय?"

"तर असली नाणी हिंदुस्थानात एखाददुसरीच असतील. मंडळात न्यावी लागेल. काचेच्या कपाटात ठेवतात."

"हळदकुंकू?"

"ते मात्र लावता यायचं नाही. हात लावलेलंसुद्धा चालत नाही त्यांना."

हिने वात पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "आईने देताना सांगितलं होतं, तू लांब निघालीस, ही सोबत असू दे. तुम्ही दिवसभर कारखान्यात. इथे माझं कोण आहे? मी हिच्याशीच बोलते." जरा थांबून तिनेच निकाल दिला. "अक्षरं असली तर न्या. नसली तर पुन्हा तिला हात लावायचा नाही. पण उचलायची ती रीतसर उचलायची. मावशींना विचारू."

ही बोलली त्याला जागते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती रोज लक्ष्मीपुढे हात जोडून, तू दुर्मिळ निघू नकोस, असं मागायला लागली. त्याच देव्हाऱ्यापुढे उभा राहून मी नेमकं उलटं मागत होतो. लक्ष्मीचे ते दिवस अवघड गेले असणार.

मावशी म्हणजे भागूबाई, आमच्या घरमालकीण. त्यांचं वय कुणाला माहीत नव्हतं आणि त्यांना माहीत नाही असं गावठाणात काही नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आगं पोरी, बसलेला देव आसा उचलत्यात व्हय? आधी कौल लावा. फूल उजवीकडं पडलं तर व्हय, डावीकडं पडलं तर न्हाई."

आम्ही कौल लावला. लक्ष्मीवर झेंडूची पाकळी ठेवली आणि बसलो. पाकळी पडेना. आडव्या नाण्यावर ठेवलेली पाकळी पडणार कुठे? ती तिथेच सुकली. दुसरी ठेवली, तीही सुकली.

"उभी करा देवीला," भागूबाई म्हणाल्या.

"उभी करायची तर उचलावी लागेल, मावशी."

"मंग उचलायचा कौल लावा."

मी तिसरी पाकळी पुन्हा परडीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मी ही अडचण कारखान्यात ज्योतीरामला सांगितली, ही माझी चूक. ज्योतीराम नांदेडकडचा. त्याने लहानपणापासून निजामाचा हाली शिक्का वापरलेला, मग तो बंद होताना पाहिलेला. त्यामुळे जगातल्या कुठल्याही चलनावर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं तो धरून चालायचा.

"परदेशी चलन घरात ठेवलात?" त्याने आवाज खाली आणला. "अन् ते बी उघड्यावर?"

"देव्हाऱ्यात आहे रे."

"देव्हाऱ्यात ठेवल्यानं कायदा बदलत नसते, उद्धवराव. आमच्याकडं हाली शिक्का गेला तवा लोकं असंच म्हणत होते. नोंद करून टाका. उद्या कुणी चहाडी केली तर नोकरी जाते बघा."

नोकरीचं नाव निघाल्यावर मध्यमवर्गीय माणसाची झोप उडते, तशी माझी उडाली. मी रजा टाकून पुण्याला एका सरकारी कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण पुढेमागे तिथे काम पडू शकतं. तिथल्या कारकुनाने माझं सगळं ऐकलं आणि टाक कानावर ठेवला.

"वस्तू नक्की काय आहे? चलन की देव?"

"दोन्ही."

"दोन्हीचा रकाना नाही."

मी म्हटलं, तुम्हाला सोयीचं असेल ते लिहा. हे सरकारी माणसाला म्हणू नये. तो दुखावला. "चलन असेल तर इथे जमा करा. देव असेल तर आमचा काही संबंध नाही. पण देव असल्याचा दाखला आणावा लागेल."

"तो कोण देतं?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने हेडक्लार्कला विचारलं, हेडक्लार्क शेजारच्या खोलीत गेले, मध्ये चहा झाला, आणि शेवटी असं ठरलं, की गावकामगार पाटलांनी पंचांसमक्ष पाहणी करून दाखला द्यावा. देवाला दाखला देण्याचा अधिकार पाटलांना आहे हे मला माहीत नव्हतं. पाटलांनाही नव्हतं, पण कळल्यावर ते खूश झाले.

पाटील आले ते नेमके मी कारखान्यात असताना. मागे उरलेला पेच भागूबाईंनी एका वाक्यात सोडवला. "पाटलांनीच उचलावी देवी. सरकारचं काम हाय. पाप लागलं तर सरकारला लागंल." पाटील घरी जाऊन आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पुन्हा आले. त्यांनी लक्ष्मी उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली, पंचांना दाखवली, आणि वाटीत तांदूळ भरून त्यात तिला उभी केली, गरुड भिंतीकडे करून. नारळ फुटला. सदर वस्तू समक्ष पाहता देव असल्याची खात्री पटली, असा दाखला झाला.

मी संध्याकाळी धावत घरी आलो. "मागे काय दिसलं?"

"गरुड," भागूबाई म्हणाल्या.

"गरुडाखाली?"

"हळद. बोटभर थर हाय."

पाटलांना गाठून विचारलं, तर ते माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. "देवावं आक्षारं कशाला आसतील, उद्धवराव? देव काय शाळंत गेलाय?"

कचेरीने दाखला पाहिला, त्यावर मोहोर उठवली आणि आपला संबंध नसल्याचं तोंडी सांगितलं. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण पाटील चाकणच्या बाजाराला गेले आणि तिथे त्यांनी सांगितलं, की चिंचवडात एक लक्ष्मी आहे आणि तिला सरकारने मोहोर दिली आहे. आजवर लोकांनी नवसाला पावणारे देव ऐकले होते, स्वयंभू ऐकले होते. सरकारमान्य देव पहिल्यांदाच निघाला.

पहिल्या शुक्रवारी आळीतल्या बायका आल्या. पुढच्या शुक्रवारी पिंपरीच्या आल्या. मग आळंदीकडच्या, चाकणकडच्या, बैलगाडीतून पोरंबाळं घेऊन. प्रत्येकीच्या हातात हळदकुंकवाचा करंडा आणि प्रत्येकीला देवीला बोट लावायचंच असायचं. मला ज्या थराखालचं बघायचं होतं, तो थर दर शुक्रवारी वाढायला लागला. श्रावण लागेपर्यंत पुढच्या बाजूचं सालसुद्धा बुजलं.

माझी घरातली जागाही बुजली. शुक्रवारी कारखान्यातून आलो की आत जायची सोय नसे. मी ओट्यावर बसायचो. तिथे बसलेला पुरुष म्हणजे चपला राखायला ठेवलेला, असा बायकांचा सरळ समज होत असे. एका म्हातारीने तर माझ्या हातात वहाणा देऊन सांगितलं, "बाबा, नीट ठिव. गेल्या खेपंला देवळातनं गेल्या." मी मॅट्रिक पास, सरकारी कचेरीत जाऊन आलेला माणूस. पण वहाणा नीट ठेवल्या. कारखान्यात ज्योतीराम मला पुजारीबुवा म्हणायला लागला, आणि ज्या साहेबांनी कधी माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नव्हतं, त्यांच्या पत्नी मोटारीतून येऊन गेल्यावर साहेब स्वतःहून हसले. हा एक फायदा झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही.

खरा फायदा हिला झाला. जिच्याशी बोलायला चिंचवडात एक नाणं सोडून कुणी नव्हतं, तिला आता निम्मा तालुका नावाने ओळखत होता. चऱ्होलीची एक रतनबाई तर तिची खास झाली. रतनबाईचा नवरा गिरणीत काम करायला मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. घरात ती आणि तिची म्हैस. पहाटे धार काढून चालत यायची, गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यात बसायची आणि देवीकडे काही न मागता नुसती बघत राहायची. जाताना ही तिला चहा द्यायची. दोघी काय बोलायच्या कोण जाणे, पण हसण्याचा आवाज ओट्यापर्यंत यायचा. तो ऐकत चपला राखताना मला, उगाच खोटं कशाला बोला, बरं वाटायचं.

पण खुर्चीचा मोह सुटत नव्हता. एका रविवारी सतरंजीवरून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्याकडे अठराशे एकोणनव्वदचा अमेरिकन डॉलर आहे. दोन सीचा असण्याचा संभव आहे."

खुर्च्या वळल्या. मारुतरावांचा हात खिशाकडे गेला. "घेऊन या."

"तिला आणता येत नाही."

"का?"

"शुक्रवारी तिच्याकडे माणसं येतात."

मारुतरावांनी माझ्याकडे, मी पाठांतर विसरलेला विद्यार्थी असल्यासारखं पाहिलं. मग म्हणाले, "मी येतो."

ते शुक्रवारीच आले. अंगात बंद गळ्याचा कोट आणि काखेत छत्री. मी स्टेशनवर त्यांना उतरवून घेतलं आणि वाटेत त्यांना जमेल तेवढं सांगितलं, पण अशा गोष्टी वाटेत सांगून कळत नाहीत. दारात भागूबाईंनी त्यांना बूट काढायला लावले, पाय धुवायला लावले आणि रांगेत उभं केलं. मी म्हटलं, "मावशी, हे मंडळाचे अध्यक्ष आहेत."

"आसू दे की. हिथं पाटीलबी रांगंनं येत्यात."

रांग सरकत सरकत मारुतराव देवीपुढे पोचले. त्याच क्षणी त्यांच्या पुढच्या बाईने देवीच्या कपाळावर ओलं कुंकू दाबलं. मारुतराव मागच्या मागे फिरले आणि माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसले. पाणी प्यायले.

"उद्धवराव," ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडे नाण्याच्या तोंडावर बोट टेकवलं म्हणून एका सभासदाचं नाव कमी केलंय."

गर्दी पांगल्यावर कौल लावायचं ठरलं. देवी आता उभी होती, त्यामुळे ती अडचण राहिली नव्हती. अंगणात रतनबाई आणि चारसहा बायका थांबल्या होत्या. भागूबाईंनी ओली पाकळी देवीच्या माथ्यावर चिकटवली. आम्ही सगळे बघत बसलो. मारुतरावांनी दोनदा घड्याळ काढलं आणि दोनदा, आपण हे काय करतो आहोत अशा चेहऱ्याने परत ठेवलं. शेवटी पाकळी सुटली आणि डावीकडे पडली.

हिच्या तोंडून समाधानाचा सुस्कारा निघाला. माझा धीर खचला.

"न्हाई, न्हाई," भागूबाई म्हणाल्या. "आपला डावा नसतो धरायचा. देवीचं तोंड आपल्याकडं हाय. तिचा ह्यो उजवा झाला. देवीनं व्हय म्हनून सांगितलं."

हिचा चेहरा उतरला. पण ही बोलली त्याला जागणारी बाई. उठून तिने पदर खोचला आणि म्हणाली, "धुवायची ती मी धुणार. पंचामृताने."

मारुतरावांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. "दही नको हो, बाई. आंबट असतं."

"दह्याशिवाय पंचामृत होत नाही," ही म्हणाली. मारुतराव तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

दूध झालं, दही झालं, मध, तूप, साखर झाली. मग कोमट पाणी. हिने अंगठ्याने हलके हलके चोळायला सुरुवात केली. वरची ताजी हळद पटकन सुटली. मग लाल थर, मग पुन्हा पिवळा. त्याखाली एक काळपट थर लागला आणि हिचा अंगठा थांबला.

"हे आईच्या हातचं आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं आणि एकाएकी मला वाटलं, शेपटाखाली काही नसू दे. पण तोंडाने सांगायला उशीर झाला होता. हिने डोळे पुसले आणि तो थरही धुतला. मग नाणं कोरड्या फडक्यावर ठेवून मारुतरावांपुढे सरकवलं.

मारुतरावांनी भिंग काढलं. ज्या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली तो हा क्षण, पण माझं लक्ष हिच्याकडे होतं. मारुतरावांनी बराच वेळ पाहिलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"निवाडा पाहुण्याने द्यायचा असतो."

मी पाहिलं. गरुडाची पिसं दिसत होती, खाली पानांची वेल, तिची गाठ, आणि गाठीखाली स्वच्छ चांदी. एकही सी नव्हता. पुन्हा पाहिलं, फडकं फिरवून पाहिलं. जिथे काही नाही तिथे बघून बघून काय दिसणार?

भागूबाईंनी विचारलं, "काय निघालं वो?"

मी उभा राहिलो. घसा साफ केला. "सामान्य," मी म्हणालो. "अतिसामान्य. असली नाणी दोन कोटींच्या वर पाडलेली आहेत."

हिने लक्ष्मी उचलून कपाळाला लावली, आणि रडायला आणि हसायला एकदमच लागली. मी भिंग परत द्यायला हात पुढे केला.

"निवाडा मान्य," मारुतराव म्हणाले. "रविवारी लवकर या. खुर्च्या कमी पडतात."

"पण हे तर दुर्मिळ नाही."

"दुर्मिळ असावं असा नियम कुठे आहे? निवाडा बरोबर असावा एवढाच नियम आहे. आपलं नाणं दुर्मिळ आहे असं सांगणारे दर महिन्याला येतात. आपलं नाणं सामान्य आहे म्हणणारे माझ्या कारकिर्दीत तुम्ही पहिले."

म्हणजे मी वर्षभर नियमच चुकीचा वाचत होतो. शाळा-तपासनिसापुढे हे कबूल करण्यापेक्षा मी नम्रपणे मान खाली घातली.

अंगणातल्या बायका आता पदर झटकून निघतील, असा माझा अंदाज होता. दोन कोटी घरांत असणाऱ्या देवीसाठी चाकणहून बैलगाडी कोण जुंपणार? भागूबाईंनी तर हिशोबही लावला. "तेहतीस कोटी देव म्हनत्यात. त्यातले दोन कोटी ह्योच आसतील मंग." पण उठलं कुणीच नाही. कोपऱ्यातून रतनबाई मात्र उठली आणि मारुतरावांपुढे येऊन उभी राहिली.

"सायेब, दोन कोटी हायत म्हनता. मंग मला एक गावंल का?"

मारुतरावांना प्रश्न कळायला वेळ लागला. "बाई, असल्या नाण्याला संग्रहात काही किंमत नसते."

"किंमत नगं मला. घरात कुनी न्हाई, म्हनून इचारलं."

मारुतरावांनी भिंग खिशात घातलं. ते खिशात न जाता खाली पडलं, ते उचलून मी त्यांच्या हातात दिलं.

पुढच्या शुक्रवारी मी ओट्यावर चपला राखत बसलो होतो, तर रांगेत मारुतराव. कुणी न सांगता त्यांनी बूट काढून माझ्यापुढे ठेवले होते, पाय धुतले होते. रतनबाईजवळ आल्यावर त्यांनी खिशातून पातळ कागदाची एक पुडी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. आत अठराशे एकोणनव्वदचा डॉलर होता. दोन सी नसलेला, पण टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखा लखलखीत. त्यांच्या खणात तो कित्येक वर्षं कागदात गुंडाळून पडलेला होता आणि त्याच्या तोंडाला आजवर कुणाचं बोट लागलं नव्हतं.

रतनबाईने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि हिच्यापुढे धरला. "पैलं कुकू तू लाव."

हिने अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि त्या लखलखीत कपाळावर दाबला. मारुतरावांनी डोळे गच्च मिटून घेतले.

भागूबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बघा उद्धवराव, केवढी भक्ती हाय मानसाची."

मी हो म्हणालो.